रोलर कुणी मागवायचा?

सोमवार, ३

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि बायकोने टोमणे. मीठ सोडलं. टोमण्यांसाठी ही वही आणली आहे. यापुढे जे लोकांच्या तोंडावर बोलायचं नाही ते इथे.

आज शाखेत दाखल झालो. आमची कंपनी लिफ्ट बसवत नाही, बसलेल्या लिफ्ट चालत्या ठेवते. शहरात आठ शाखा, प्रत्येक शाखेला स्पेअर पार्टचं स्वतःचं स्टोअर, आणि प्रत्येक स्टोअरवर एक छोटा राजा. काय मागवायचं, किती ठेवायचं, हे राजा ठरवतो. आता ही राज्यं खालसा. सगळा माल एका मध्यवर्ती भांडारात जाईल आणि निर्णय हेड ऑफिसचा नियोजन विभाग घेईल, म्हणजे मी. शाखेने कॉम्प्युटरवर मागणी टाकायची, कॉम्प्युटरने ती योग्य की अयोग्य ते बघायचं, योग्य असली तर चोवीस तासांत पार्ट दारात.

मोठ्या साहेबांनी मला इथे महिनाभर ‘अभ्यासा’साठी पाठवलंय. निर्णय झालेलाच आहे. ताट वाढून झाल्यावर भूक आहे का विचारतात, तसा हा अभ्यास. अहवाल नीट गेला तर भांडाराचा प्रमुख मी. त्या खोलीला खिडकी आहे. एकवीस वर्षं मी फायलींच्या कपाटाकडे तोंड करून बसलोय. माणसाने खिडकीची चेष्टा करू नये.

मंगळवार, ४

स्टोअर तळघरात. सांभाळणाऱ्या बाई सत्तावन्न वर्षांच्या, अंगाने बारीक, चश्मा दोऱ्याने गळ्यात. त्यांना सगळे ‘ताई’ म्हणतात, वयाने मोठे असलेलेसुद्धा. मी ‘बाई’ म्हणणार. अभ्यासकाने अंतर ठेवावं. स्टोअर उठलं की त्यांची बदली वरच्या मजल्यावर होणार, टपालावर शिक्के मारायला. निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं तिथेच. हे त्यांना ठाऊक आहे. तरी मला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण ताडपत्री घातलेल्या एका ठोकळ्यावर बसल्या.

“हे काय आहे?”

“लिफ्टची मोटार. अकरा वर्षं झाली येऊन. मजेत आहे.”

मग मांडणी पाहिली आणि डॉक्टरांची आठवण झाली. कुठल्याही शहाण्या स्टोअरमध्ये रोलर रोलरांत असतात, रिले रिलेंत. इथे बिस्किटांचे डबे! दोनशे चौदा. प्रत्येक डबा एका लिफ्टचा, आणि वर पट्टीवर नाव: ‘शाळा, मागची’, ‘दंतवैद्य’, ‘वकिलांची इमारत, रुसकी’. डब्यात त्या त्या लिफ्टला यापुढे लागतील ते पार्ट.

“बाई, एकूण रोलर किती आहेत?”

“कुठल्या लिफ्टचे?”

“सगळ्या लिफ्ट मिळून.”

“सगळ्या मिळून एक लिफ्ट असते का साहेब?”

मी मोजणीच्या कागदावर ‘एकूण’ असा कॉलम आखला.

गुरुवार, ६

मोजणी सुरू. डबे रिकामे करून सगळे पार्ट क्रमांकाप्रमाणे ट्रेमध्ये लावून घेतोय. बाईंना आधी रीतसर विचारलं. म्हणाल्या, “करा. मोजल्याशिवाय तुम्हाला तरी कसं कळणार?” प्रत्येक डबा ओतायच्या आधी त्या आतलं सगळं एका वहीत उतरवून घेतात. निरोपाच्या वेळी माणसं हळवी होतात. मी मध्ये पडलो नाही.

इथला जुना मेकॅनिक सहा फूट उंच आणि काठीसारखा, म्हणून सगळे त्याला दोरखंड म्हणतात. दुपारी तो ट्रेंसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“साहेब, समारंभाला आलेल्या सगळ्यांच्या चपला तुम्ही मापाप्रमाणे लावून ठेवल्यात. दिसायला छान दिसतंय. आता घरी कसं जायचं?”

“प्रत्येक चपलेला क्रमांक आहे,” मी म्हणालो.

“हां, मग क्रमांक घालूनच जातो,” असं म्हणून तो चहा प्यायला गेला.

सोमवार, १०

आजपासून चाचणी. शाखेची प्रत्येक मागणी मध्यवर्ती पद्धतीने. पहिलाच मान प्रसूतिगृहाला. बाईंनी तिथल्या लिफ्टच्या दाराचे सहा रोलर मागितले. दार या रोलरांवर सरकतं, वाटीएवढी वस्तू. चाळीस सेकंदांत उत्तर आलं: ‘या लिफ्टमध्ये दोन वर्षांत एकही बिघाड नाही. मागणी सरासरीहून जास्त. नामंजूर.’

मला भरून आलं. दोन वर्षं कुणाच्या लक्षात न आलेली उधळपट्टी चाळीस सेकंदांत पकडली!

“बिघाड नाही, म्हणून रोलर नको?” बाईंनी विचारलं.

“साहजिक आहे.”

“दाद कुणाकडे मागायची?”

“माझ्याकडे.”

“मग मागते.”

“नामंजूर,” मी हसत म्हणालो. त्याही हसल्या. स्वभावाने बाई चांगल्या आहेत.

शुक्रवार, १४

सकाळी अकराला प्रसूतिगृहाची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आत चाकांच्या खाटेवर कळा सुरू झालेली बाई आणि सोबत एक आया. दाराचा रोलर फुटून दार वाकलं, आणि दार लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. दोरखंड तिथून फोनवर ओरडत होता, “ताई, माझ्या पिशवीत नाहीये! डबा बघा!”

डबा रिकामा होता. रिकामा मी केला होता. रोलर ‘रोलर, लहान’ या ट्रेमध्ये होते, दोनशे सहा, आणि एकाच क्रमांकाखाली तीन कारखान्यांचे. क्रमांक तोच, पण खाच अर्ध्या मिलिमीटरने वेगळी. ताईंनी चश्मा काढला, डोळे मिटले आणि दोन्ही हात ट्रेमध्ये घातले. एकेक रोलर अंगठ्याने चाचपून बाजूला टाकत गेल्या. चार मिनिटांत दोन काढले आणि माझ्या हातात दिले. “पळा. माझ्या गुडघ्यांना जमायचं नाही.”

तीन चौक पळालो. जिन्यात त्या बाईचा नवरा उभा होता, तिशीचाही नसेल. हातातले रोलर बघून त्याने माझा दंड धरला. “तुम्ही आलात ना? मग होईल.” मला मेकॅनिक समजला. मी कोण आहे ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

एकूण सत्तेचाळीस मिनिटं. एरवी दहा लागली असती, असं दोरखंड म्हणाला, आणि टोमणा न मारता म्हणाला. ते जास्त लागलं. बाई सुखरूप वर पोचली. साडेबाराला मुलगी झाली.

संध्याकाळी तळघरात ताई ट्रे आवरत होत्या. म्हणाल्या, “तिथे मळक्या कपड्यांच्या गाड्या दिवसातून वीस वेळा दाराला धडकतात. रोलर सहा आठवड्यांत जातो. मी पाचव्या आठवड्यात बदलते. म्हणून बिघाड नाही, साहेब.”

“मग हे कुठे लिहिलं का नाहीत?”

“कॉलम नव्हता.”

तो फॉर्म मी तयार केलाय. कॉलम मी ठरवले. नऊ आहेत.

शनिवार, १५

काल वहीत लिहून गेलोच, आजपासून बोलतानाही ‘ताई’. अंतर ठेवण्याइतकी माझी उंची नाही.

मंगळवार, १८

अहवालाचा नवा मसुदा तयार केला. एकदम कडक: मध्यवर्ती भांडाराची कल्पना मुळातच चूक, आठही स्टोअर आहेत तशी राहू द्यावीत, सगळे निर्णय शाखांचे. ताईंना वाचून दाखवला. वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. पण त्यांनी पेन्सिलने कान खाजवला.

“चुकलंय.”

“काय चुकलंय? तुमच्या बाजूने लिहिलंय!”

“म्हणूनच म्हणते.” आणि ढुंगणाखालच्या मोटारीवर थाप मारली. “साहेब, मोटार किती वेळा जळते?”

“क्वचित.”

“इथे अकरा वर्षांत एकदाही नाही. जळली तर आत माणूस अडकून राहतो का?”

“नाही. मेकॅनिक ब्रेक सोडून हाताने केबिन खाली आणतो.”

“मग लोक काय करतात?”

“जिना चढतात. आपल्याला शिव्या घालतात.”

“एक दिवस घालतील ना?”

“घालतील.”

“मग आठ तळघरांत आठ मोटारी कशाला?” त्यांनी विचारलं. “बसायला माझ्याकडे स्टूल आहे.”

घरी जाताना बसमध्ये एकदम डोक्यात प्रकाश पडला! जी वस्तू क्वचित लागते आणि जिच्यासाठी थांबता येतं, ती एका जागी असावी आणि तिचा निर्णय मध्यवर्ती. जी रोज झिजते आणि जिच्यामुळे माणूस आत कोंडला जातो, ती हाताशी असावी आणि तिचा निर्णय अडकलेल्या लिफ्टची घंटा ऐकू येणाऱ्याचा. किती साधं! एकवीस वर्षं या खात्यात काढून हे आधी कसं सुचलं नाही कुणास ठाऊक. जेवताना बायकोला सविस्तर समजावलं.

“अहो, हे तुम्हाला सुचलं की त्या ताईंनी सुचवलं?”

“मला सुचलं. त्यांनी फक्त प्रश्न विचारले.”

“हं,” म्हणाली आणि भांडी घासायला उठली. ‘हं’ कशासाठी ते कळलं नाही.

गुरुवार, २०

माझ्या सूत्राची पहिली परीक्षा. कंपनीत एकूण किती मोटारी शिल्लक आहेत? कॉम्प्युटर म्हणतो तीन. म्हणूनच हेड ऑफिस आणखी चार मागवणार आहे. ताई म्हणाल्या, “तीनवर विश्वास ठेवू नका. मीसुद्धा माझी दाखवलेली नाही.” दचकलो. त्यांनी शांतपणे सांगितलं: सहा वर्षांपूर्वी हेड ऑफिसने नदीपलीकडच्या शाखेची मोटार न विचारता उचलून दुसरीकडे पाठवली. पुढच्याच आठवड्यात तिथली एक जळली. तेव्हापासून एकही स्टोअरकीपर मोटार खरी दाखवत नाही. कुणी पुठ्ठ्यांच्या मागे ठेवतो, कुणी तिच्यावर बसतो.

उचलायचा हुकूम कुणाच्या सहीने निघाला होता, हे मी विचारलं नाही. नियोजन विभाग सहा वर्षांपूर्वीही एकच होता.

त्यांनी एकेक शाखेला फोन लावला. पहिला नदीपलीकडच्या काकांना, स्पीकरवर.

“काका, मोटारी किती? खरं सांगा.”

“खरं कुणाला सांगायचं? तुला की त्या पाहुण्याला?”

“पाहुणा इथेच बसलाय. ऐकतोय.”

“मग शून्य.”

“काका, मी माझी देतेय.”

“तू देतेस?”

“आजच. सगळ्यांच्या आधी. उद्या गाडी येईल.”

“आणि माझी परत कुणी न विचारता उचलली तर?”

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी फोनजवळ तोंड नेलं. “काका, स्टोअरकीपरला फोन केल्याशिवाय एकही मोटार हलणार नाही. शब्द देतो.”

“शब्द तुमचा की हेड ऑफिसचा?”

“माझा.”

“मग चालेल. हेड ऑफिसचा शब्द माझ्याकडे आधीच एक पडून आहे.” मग खोकून म्हणाले, “दोन आहेत.”

बाकीचे सहाही बोलले. एकाने आधी बायकोला विचारतो म्हणून फोन ठेवला. तिचा यात काय संबंध, देव जाणे. जेवायच्या सुट्टीपर्यंत आकडा आला नऊ! आमचं खातं सहा वर्षांत ज्याला हात लावू शकलं नाही ते या बाईने त्याच मोटारीवर बसून एका सकाळीत बाहेर काढलं. आणि कशाच्या जोरावर? आपली आधी दिली म्हणून.

शुक्रवार, २१

मोटार गेली. चौघांनी जिन्यावरून वर काढली. ताडपत्री ताईंनी घडी करून ठेवली. दोरखंड म्हणाला, “ताई, चुकल्या-चुकल्यासारखं होत असेल.” ताई म्हणाल्या, “गार लागायची हिवाळ्यात.” मग त्या रिकाम्या जागी स्टूल आणून ठेवलं. एवढ्या सहज देणं मला जमलं नसतं. मी अजून खिडकीत अडकलोय.

गुरुवार, २७

हेड ऑफिसमध्ये बैठक. ताईंना सोबत घेऊन गेलो. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती, आणि लिफ्टमध्ये शिरताच कान टवकारून म्हणाल्या, “हिचा डावा रोलर गेलाय.”

मोठे साहेब आधीच वैतागलेले. “अहो, मी तुम्हाला स्टोअर बंद करायला पाठवलं, तत्त्वज्ञान करायला नाही. निर्णय एका हातात हवा. आठ हातांत गेला की गोंधळ होतो.”

“साहेब, गोंधळ झाला तो एका हातात होता तेव्हा,” मी म्हणालो. “माझ्या.” आणि सत्तेचाळीस मिनिटं सांगितली. डबे मी रिकामे केले, मागणी मी हसत नामंजूर केली, सगळं. एकवीस वर्षांत माझी चूक मी या खोलीत पहिल्यांदा सांगितली. पाणी ताईंनी पुढे सरकवलं.

मग सूत्र मांडलं. मोटारी, दोर, मोठे पॅनल मध्यवर्ती. रोलर, रिले, ब्रेकचं सामान शाखेत, आणि शाखेचा निर्णय शेवटचा, कॉम्प्युटरला फक्त कळवायचं. साहेबांनी नऊ मोटारींचा आकडा पाहिला.

“कुणी कुणी लपवल्या होत्या?”

आठ जणांच्या नोकऱ्या माझ्या जिभेवर होत्या. “लपवायला आमच्या विभागाने शिकवलं. नाव हवं असेल तर माझं लिहा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. नव्या चार मोटारींच्या मागणीवर त्यांची सही व्हायची होती. तो कागद त्यांनी उलटा करून ठेवला. मग ताईंना विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

“साहेबांनी बरोबर मांडलं,” ताई म्हणाल्या. “मला एवढं नीट सांगता आलं नसतं.”

केवढा विनय! स्वतःचं स्टोअर पणाला लागलेलं, आणि श्रेय मला.

“ठीक आहे. स्टोअर राहतील,” साहेब म्हणाले. “पण मग मध्यवर्ती भांडार म्हणजे नऊ मोटारी आणि थोडे दोर. त्याला प्रमुख कशाला? एक कारकून पुरे. तुमच्या खोलीचं काय?”

“कपाटाकडे बघायची सवय आहे मला,” मी म्हणालो. बोलून गेलो आणि मग खिडकी आठवली. खोटं कशाला लिहू?

परतताना ताई बसमध्ये एकच वाक्य बोलल्या. “शिक्के मला जमले नसते, साहेब. हात फार जोरात पडतो.” आणि खिडकीकडे तोंड करून चश्मा पुसत बसल्या.

सोमवार, ३१

शेवटचा दिवस. दोनशे चौदा डबे पुन्हा भरून झाले. ताईंची ती वही होतीच, प्रत्येक डब्यातला शेवटचा स्क्रू त्यात उतरवलेला. त्यांना ही दूरदृष्टी कशी सुचली ते विचारलं, तर म्हणाल्या, “तुम्ही आलात त्या दिवशी तुमच्या बुटांकडे बघून.” याचाही अर्थ कळला नाही. बूट नवे होते.

चार वाजता त्यांनी मागणीचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. “प्रसूतिगृहाचं आज तुम्ही मागवा.”

“मी? सहा, नेहमीप्रमाणे.”

“इथे बसून?”

गेलो. लिफ्टने अकरा वेळा वर-खाली केलं. एका नर्सने विचारलं, “काका, कुणाला भेटायचंय?” “दाराला,” मी म्हणालो. तिने वॉर्डबॉयला माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं. दाराला कान लावला. आधी नुसताच खडखडाट, मग त्यात दोन आवाज, मग उजवीकडचा जरा जास्त घोगरा. कपड्यांच्या गाडीवाल्या बाईला थांबवून विचारलं. गाडी गेल्या आठवड्यात बदलली, म्हणाली, नवी जड आहे आणि हिचा पत्र्याचा कोपरा आधी दाराला लागतो. गुडघ्यावर बसून उंबऱ्यावर पडलेला चरा पाहिला. बोट फिरवलं तर बोटाला लागला.

परत येऊन ‘सहा’ लिहिलं. खोडलं. ‘दहा’ लिहिलं, तेही भीतीने, म्हणून खोडलं. आठ शाखांचा वर्षभराचा खर्च मी एका दुपारीत मंजूर करत आलोय, आणि मध्ये चहासुद्धा पीत असे. आज एका दारासाठी समोरचा चहा गार झाला. शेवटी ‘आठ’ लिहिलं आणि पुस्तक ताईंपुढे सरकवलं.

त्यांनी चश्मा चढवला. “आठ का?”

गाडी सांगितली, कोपरा सांगितला, चरा सांगितला.

“उजव्या बाजूला?”

“उजव्या.”

“मला माहीत नव्हतं,” ताई म्हणाल्या आणि सही केली.

त्यांना माहीत नव्हतं! दोरखंड पाठ करून डबे पुसत होता आणि त्याचे खांदे हलत होते. धूळ गेली असेल नाकात.

साडेपाचची बस समोर उभी होती. सोडली. मध्ये अर्धा तास मिळाला, तेवढ्यात प्रसूतिगृहात जाऊन दार आणखी एकदा ऐकून आलो.